दाल्लापिक्कोलाचे बारा स्वर आणि दोन वाद्यं

घरात पेटी असेल तर पांढरी एक सा धरा आणि हे स्वर एकामागून एक वाजवा: कोमल नी, शुद्ध नी, कोमल ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध रे, कोमल रे, शुद्ध म, प, सा, शुद्ध ध, शुद्ध ग. सप्तकातले बाराही स्वर झाले आणि एकही दोनदा आला नाही. ऐकणाऱ्याला बहुधा वाटेल की कुणीतरी पेटीवर नुसताच हात फिरवला.

आता यातला दुसरा, तिसरा आणि चौथा स्वर एकत्र दाबा: शुद्ध नी, आणि त्याच्या वरचे कोमल ग व तीव्र म. हा सरळ मेजर कॉर्ड आहे, गिटारवाले रोज वाजवतात तसला. शेवटचे तीन स्वर, म्हणजे सा, ध, ग, एकत्र दाबा. हा मायनर कॉर्ड. विस्कळीत वाटणाऱ्या या ओळीत दोन अगदी ओळखीचे, कानाला गोड लागणारे स्वरसमूह आधीच ठेवलेले आहेत.

ही ओळ लुईजी दाल्लापिक्कोला या इटालियन संगीतकाराची. १९५२ साली मुलीच्या आठव्या वाढदिवसासाठी त्याने पियानोच्या अकरा छोट्या तुकड्यांची एक वही रचली, ‘क्वादेर्नो मुझिकाले दि अन्नालिबेरा’. ती सगळी या एका ओळीतून निघते. पहिल्याच तुकड्यात अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या नावातली चार अक्षरं (B-A-C-H) जर्मन स्वरनामांच्या रूपात गुंफलेली आहेत. अशा बारा स्वरांच्या ओळीवर बांधलेलं, म्हणजे बारास्वरी, संगीत हे नुसतं गणित, त्यात जीव नसतो, असं अगदी जाणकारही म्हणताना आढळतात. दाल्लापिक्कोलाचं संगीत, त्यातही त्याचं व्हायोलिन आणि पियानोचं संगीत, ऐकलं की हे म्हणणं टिकत नाही. पण ते का टिकत नाही हे कळायला आधी ही पद्धत काय आहे ते पाहावं लागेल.

पाश्चात्त्य संगीत सतराव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण दोनशे वर्षं एका बैठकीवर उभं होतं. एक स्वर घर, बाकीचे त्याच्यापासून दूर जाणारे किंवा त्याच्याकडे परतणारे. आपल्याला हे सांगावं लागत नाही, तंबोरा सुरू झाला की सा कुठे आहे ते कळतं. एकोणिसाव्या शतकात मात्र तिकडच्या रचनाकारांनी या घरापासून इतकं लांब आणि इतक्या वेळा भटकायला सुरुवात केली की घर नेमकं कोणतं हेच धूसर झालं. व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्गने १९०८च्या सुमाराला घराची कल्पनाच सोडून दिली. मोकळीक मिळाली, पण नवी अडचण उभी राहिली. परतायचंच नाही, तर लांबलचक रचना बांधून ठेवायची कशाने? कविता हाताशी असली की शब्दांचा आधार मिळे. नुसत्या वाद्यांसाठी लिहिताना तोही नाही.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने उत्तर काढलं. बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने मांडायचे आणि पूर्ण रचना त्या क्रमातूनच काढायची. एका रचनेपुरता हा क्रम कायम. बारा स्वरांचे असे क्रम ४७,९०,०१,६०० होऊ शकतात, त्यामुळे तुटवडा पडण्याची भीती नाही. कोणत्याही एका स्वराला घराचा मान मिळू नये म्हणून काही पथ्यं पाळायची. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवून त्याला वजन देणं टाळायचं, हे त्यातलं एक.

एक ओळ हातात आली की तिची चार रूपं होतात. फक्त तीन स्वर घेऊन पाहू: सा, ग, रे. उलटं वाजवलं की रे, ग, सा. हे सोपं. दुसरी युक्ती चढ-उताराची अदलाबदल करण्याची. सा वरून ग ला आपण (काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून) चार पट्ट्या वर गेलो होतो, आता चार पट्ट्या खाली जायचं, म्हणजे मंद्रातला कोमल ध. ग वरून रे ला दोन पट्ट्या खाली आलो होतो, आता दोन वर, म्हणजे मंद्रातला कोमल नी. तेव्हा सा, कोमल ध, कोमल नी. पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं हे रूप उलटं दिसतं, पण अंतरं तीच राहतात. हे प्रतिबिंब शेवटाकडून वाजवलं की चौथं रूप. ही चारही रूपं बारांपैकी कोणत्याही स्वरापासून सुरू करता येतात, म्हणून एका ओळीची एकूण अठ्ठेचाळीस रूपं.

यापलीकडे पद्धत फारसं काही सांगत नाही. लय कोणती, गती कोणती, जोर कुठे द्यायचा, कोणता स्वर वरच्या सप्तकात आणि कोणता खालच्या, कोणते एकापाठोपाठ आणि कोणते एकदम, हे सगळं रचणाऱ्याच्या हातात. म्हणून एकाच ओळीतून अंगाई निघू शकते आणि रणवाद्यही. ऐकणाऱ्याने मनात एक ते बारा मोजत बसावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते. ओळ हा रागासारखा आरोह-अवरोह नाही. राग ओळखता आला तर मैफलीची गोडी वाढते. ओळ ओळखता आली तर फारसं काही मिळत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ती छापून श्रोत्यांना घाबरवण्याची प्रथा, माझ्या मते, या संगीताची सगळ्यात मोठी वैरी आहे. (मीही सुरुवातीलाच ओळ दिली, पण वाजवून पाहण्यासाठी.)

दाल्लापिक्कोलाचा जन्म ३ फेब्रुवारी १९०४चा, इस्त्रियातल्या पिझीनो गावचा. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता, पुढे इटलीकडे गेला, मग युगोस्लाव्हियाकडे, आणि आज ते गाव पाझिन या नावाने क्रोएशियात आहे. वडील तिथल्या इटालियन शाळेचे मुख्याध्यापक. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियन सरकारने शाळा बंद केली, वडिलांना संशयित ठरवलं आणि १९१७मध्ये सगळ्या कुटुंबाला ग्राझला नजरकैदेत ठेवलं. तेरा वर्षांच्या या मुलाने त्या सक्तीच्या मुक्कामात वाग्नरचा एक ऑपेरा पाहिला आणि आपण संगीतकार व्हायचं असं ठरवलं. सरकारने एखाद्या निरपराध घराचं काय करून ठेवावं, हा त्याच्या पुढच्या कामाचा कायमचा विषय झाला.

शिक्षणासाठी तो फ्लॉरेन्सला आला आणि जन्मभर तिथेच राहिला. १ एप्रिल १९२४ रोजी शोनबर्ग आपली ‘पिएरो ल्युनेर’ ही रचना घेऊन तिथल्या पित्ती राजवाड्यात आला होता. श्रोत्यांनी शिट्ट्या मारल्या, हसले. सभागृहात इटलीचा नामवंत ऑपेराकार, म्हातारा पुच्चीनी मात्र स्वरलिपी हातात घेऊन शांतपणे ऐकत बसला होता. वीस वर्षांच्या दाल्लापिक्कोलाने हे दोन्ही पाहिलं. त्या संध्याकाळचं संगीत बारास्वरी नव्हतं, ती पद्धत सापडण्याआधीची ती १९१२ची रचना. पण दिशा पक्की झाली.

दिशा पक्की झाली तरी तिकडे पोचायला त्याला जवळपास अठरा वर्षं लागली, आणि हा संथपणा मला महत्त्वाचा वाटतो. पद्धत शिकवणारं इटलीत कुणी नव्हतं. फॅसिस्ट राजवटीत आणि पुढे युद्धात व्हिएन्नाच्या स्वरलिप्या मिळणंही कठीण झालं. मग त्याने गुरू शोधले ते कादंबऱ्यांत. जॉइस आणि प्रूस्त वाचताना त्याच्या लक्षात आलं की एखादं पात्र, एखादा शब्द, एखादी आठवण आधी अर्धवट डोकावते, दुसऱ्या वेशात परत येते, आणि पुष्कळ पानांनंतर पूर्ण उजेडात उभी राहते. स्वरांच्या ओळीलाही असं वागवता येईल, असं त्याने पुढे स्वतःच्या लेखात लिहिलं आहे. म्हणजे ज्याला लोक गणित समजतात ते त्याच्या लेखी कथनाचं तंत्र होतं. १९४२ ते १९४५ या काळात ग्रीक कवितांवर लिहिलेल्या गीतांत तो या पद्धतीत पूर्ण स्थिरावला. ग्रीक कविता, आणि मानवी आवाज. इटालियन माणूस आकडेमोडीतसुद्धा गाण्यातूनच शिरतो, दुसरं काय!

त्याच काळात बाहेर काय चाललं होतं हेही सांगायला हवं. एकेकाळी तोही मुसोलिनीच्या प्रभावाखाली होता. १९३८मध्ये वंशभेदाचे कायदे आले आणि तो प्रभाव उतरला. पत्नी लाउरा ज्यू घराण्यातली होती, आणि त्यांचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. बंदिवानांची गाणी आणि पुढे ‘इल प्रिजोनिएरो’ हा ऑपेरा यातून निघाला. जर्मनांनी फ्लॉरेन्स ताब्यात घेतल्यावर त्यांना शहराबाहेर लपून राहावं लागलं. ऑगस्ट १९४४मध्ये शहर मुक्त झालं, डिसेंबरमध्ये मुलगी झाली. तिच्या नावात ‘लिबेरा’, म्हणजे मुक्त, का आहे ते वेगळं सांगायला नको.

पोटापाण्यासाठी तो १९३४पासून फ्लॉरेन्सच्या संगीत महाविद्यालयात पियानो शिकवायचा. रचनाशास्त्र नव्हे, पियानो. आणि मंचावर पियानो वाजवायचा तो बहुतेक वेळा साँद्रो मातेरासी या व्हायोलिनवादकाबरोबर. १९३०च्या दशकापासून ही जोडी वर्षानुवर्षं नवं संगीत वाजवत राहिली. त्यामुळे व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिताना तो कोणत्याही काल्पनिक वादकासाठी लिहीत नव्हता. बाजूला कोण उभा आहे, त्याचा गज कसा चालतो, हे त्याला ठाऊक होतं. पियानोचे स्वर तर त्याच्या स्वतःच्याच बोटांखाली यायचे होते.

या जोडीसाठी १९४६-४७ मध्ये ‘दुए स्तुदी’, म्हणजे दोन अभ्यासिका, तयार झाल्या. त्यांचं मूळ एका माहितीपटासाठी योजलेल्या संगीतात आहे. विषय होता आरेत्सो गावच्या सान फ्रांचेस्को चर्चमधली पिएरो देल्ला फ्रांचेस्काची भित्तिचित्रं. पिएरो हा पंधराव्या शतकातला चित्रकार, आणि त्याच वेळी यथार्थदर्शनावर, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या शास्त्रावर, ग्रंथ लिहिणारा गणिती. अंतरं, कोन, प्रमाणं मोजूनमापून काढलेली, आणि तरी चेहऱ्यांवर अशी शांतता की पाहणारा आपोआप हळू बोलायला लागतो. दाल्लापिक्कोलाला हा विषय मिळाला यात मला फार औचित्य दिसतं. त्या भिंतींवर एकीकडे शेबाच्या राणीची धीरगंभीर भेट आहे, दुसरीकडे घोडे, भाले आणि माणसांची गर्दी असलेल्या लढाया. दोन अभ्यासिकांचेही असेच दोन चेहरे आहेत.

पहिली ‘साराबांदा’. साराबांद हा तीन मात्रांचा संथ, भारदस्त नाच, बाखच्या काळात फार चालायचा. इथे नाचाची चौकट आहे, पण स्वर बारास्वरी ओळीतले. व्हायोलिन लांब, बारीक धागा ओढत जातं, पियानो त्याच्याभोवती जागा मोकळी ठेवत मोजके स्वर टाकतो. दुसरी ‘फांफारा ए फुगा’. आधी रणशिंगांसारखी ललकारी, मग फ्यूग, म्हणजे एक विषय घेऊन आवाजांनी एकामागून एक घुसत जायचं. इथे तोच पियानो हातोड्यासारखा येतो आणि व्हायोलिनला खरडल्यासारखं, झोंबल्यासारखं वाजावं लागतं. याच सामग्रीतून त्याने वाद्यवृंदासाठीही दोन तुकडे केले, पण मला दोन वाद्यांचं रूप जास्त आवडतं.

आवडण्याचं कारण तांत्रिक आहे. दाल्लापिक्कोलाच्या संगीताचा कणा आहे कॅनन. एका आवाजाने सुरू केलेली चाल दुसऱ्याने थोड्या अंतराने उचलायची, आणि पहिली अजून चालू असतानाच. भजनात बुवांची ओळ संपली की टाळकरी ती उचलतात. कॅननमध्ये ओळ संपण्याची वाट न पाहता मागचा सुरू होतो, आणि तरी दोघांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे. पुढचा वर गेला की मागच्याने तेवढंच खाली जायचं, हा झाला प्रतिबिंबाचा कॅनन. एकाने सुरुवातीपासून आणि दुसऱ्याने शेवटापासून वाजवायचं, हा खेकड्याचा कॅनन. मुलीच्या त्या वहीत यांचे नमुने आहेत. वर सांगितलेल्या ओळीच्या चार रूपांशी याचं नातं लगेच दिसेल. उलटं करणं, प्रतिबिंब घेणं, हे शोनबर्गने हवेतून आणलं नव्हतं. कॅनन लिहिणारे लोक हे प्रकार शतकानुशतकं करत आले होते.

आता दोन सारख्या आवाजांत असा पाठलाग चालला तर कान गोंधळतो. चार व्हायोलिनं असतील तर कोण पुढे आणि कोण मागे ते ओळखणं अवघड. व्हायोलिन आणि पियानो मात्र एकमेकांशी मुळीच मिसळत नाहीत. व्हायोलिनचा स्वर धरून ठेवता येतो, फुगवता येतो, कापवता येतो. पियानोचा स्वर वाजला त्या क्षणापासून विझायला लागतो. मोत्सार्टपासून ब्राम्सपर्यंत सगळ्यांनी हा बेबनाव कौशल्याने झाकला. दाल्लापिक्कोलाने तो उपयोगात आणला. तीच चाल गजातून आली की गाणं वाटते, पट्ट्यांवर आली की कोरीव वाटते. दोन पदर वेगवेगळ्या रंगांचे असल्यामुळे विणकाम उघडं दिसतं.

हे सगळ्यात सहज कळतं ते ‘तार्तिनियाना सेकोंदा’ या १९५५-५६ मधल्या रचनेत, आणि गंमत म्हणजे ती बारास्वरी नाहीच. जुझेप्पे तार्तिनी हा अठराव्या शतकातला व्हायोलिनवादक आणि रचनाकार. ‘सैतानाचा ट्रिल’ या सोनाटामुळे त्याचं नाव सगळीकडे पोचलं. १६९२ साली तो पिरानोला जन्मला, तेही इस्त्रियातच. आज ते स्लोव्हेनियात आहे. दाल्लापिक्कोलाचं आणि त्याचं जन्मगाव एकाच द्वीपकल्पावरचं. त्याच्या सुरावटी घेऊन दाल्लापिक्कोलाने १९५१मध्ये व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी पहिली ‘तार्तिनियाना’ केली, आणि काही वर्षांनी ही दुसरी, व्हायोलिन आणि पियानोसाठी.

सुरुवात पास्तोराले या मेंढपाळी चालीने होते. मग बुरे नावाचा चपळ नाच, मध्ये एक अतिशय हलका, झरझर जाणारा तुकडा, आणि शेवटी व्हेरिएशन, म्हणजे एकाच चालीची बदलत जाणारी रूपं. सुरावटी तार्तिनीच्या, घरच्या स्वराकडे परतणाऱ्या. एखाद्याने न सांगता ऐकवलं तर पहिला अर्धा मिनिट अठराव्या शतकातलंच वाटेल. मग लक्षात येतं की पियानो साथ करत नाहीये. तो व्हायोलिनच्या मागे लागला आहे. तेच स्वर, दोन मात्रांनी उशिरा, कधी उलट्या दिशेने. तार्तिनीच्या साध्या चालीत एवढी गुंफण दडलेली असेल याची कल्पना बहुधा तार्तिनीलाही नसावी.

बारास्वरी संगीतकाराने असं काही लिहिलं की टीकाकार त्याला विश्रांती म्हणतात, किंवा माघार. मला दोन्ही पटत नाही. युद्धाच्या दिवसांत त्याने सतराव्या शतकातल्या मॉन्टेव्हेर्दीचा एक ऑपेरा रंगमंचासाठी संपादित केला, पागानिनीच्या कॅप्रिसांवरून, म्हणजे एकट्या व्हायोलिनच्या छोट्या तुकड्यांवरून, पियानोची एक कॅननांनी भरलेली सोनातिना (छोटा सोनाटा) लिहिली. जुनं आणि नवं त्याच्या टेबलावर कायम शेजारी शेजारी होतं. ‘तार्तिनियाना’ आणि ‘दुए स्तुदी’ यांची कारागिरी एकच आहे, फक्त एकीत स्वरांना घर आहे आणि दुसरीत नाही. ज्याला बारास्वरी पद्धत थंड वाटते त्याला खरं तर घर नसल्याचं अवघडलेपण जाणवत असतं, आणि ते मान्य करायला हरकत नाही. ‘दुए स्तुदी’ लिहिणारा माणूस नुकताच स्वतःचं घर सोडून लपून राहण्याच्या दिवसांतून बाहेर आला होता.

ऐकायचा क्रम मी असा सुचवेन. आधी ‘तार्तिनियाना सेकोंदा’तलं पास्तोराले, दोनदा. पहिल्यांदा फक्त व्हायोलिनकडे कान, दुसऱ्यांदा फक्त पियानोकडे. दुसऱ्या वेळी पियानो काय चोरतो ते पकडायचं. मग लगेच ‘साराबांदा’. कान अजून पाठलागाच्या सवयीत असतो, त्यामुळे स्वर अनोळखी असले तरी हालचाल ओळखीची वाटते: कुणीतरी पुढे जातंय, कुणीतरी त्याचं प्रतिबिंब होतंय. ओळ शोधू नका. ललकारीचा तुकडा त्याच दिवशी ऐकलाच पाहिजे असं नाही, पण ऐकाल तेव्हा आवाज थोडा मोठा ठेवा. या दोन्ही रचना मिळून अर्ध्या तासाच्या आसपास संपतात. त्यानंतर अन्नालिबेराच्या वहीकडे वळलात तर तिथे व्हायोलिन नसेल, एकटा पियानो दोन्ही पदर सांभाळेल, आणि कोण कुणाच्या मागे आहे ते ओळखायला कानाला थोडे जास्त कष्ट पडतील.